योग्य व्यक्ती

पालघरच्या बालगृहात मी पहिल्यांदा पोचले, तेव्हा ओटीवर एका मुलीचं बोचकं बांधून ठेवलेलं होतं आणि ती मुलगी त्याला टेकून बसली होती. तेल चोपडून घातलेली घट्ट वेणी, अंगात धुतलेला परकर-पोलका, पायांत मापापेक्षा मोठ्या चपला. सात-आठ वर्षांची असेल.

"कुठे चाललीस गं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फाटकाकडे पाहायला लागली.

"ती बोलत नाही," आतून आवाज आला. "ऐकू सगळं येतं. बाप गेल्यापासून बोलणं बंद झालंय."

आवाज अधीक्षिकाबाईंचा होता. सगळं गाव त्यांना ताई म्हणायचं, मीही त्याच दिवसापासून म्हणायला लागले. पन्नाशीच्या, नऊवारीतल्या, आवाजात जरब असलेल्या. बालगृह त्यांनी जवळजवळ एकटीने उभं केलं होतं. गवताच्या वखारी ओलांडून पुढे गेलं की कोळगावच्या रस्त्याला एक कौलारू घर लागायचं, तेच. वीस-पंचवीस मुलं तिथे राहायची, आणि ताईंनी कुणालाही कधी उपाशी झोपू दिलं नव्हतं. हे आधी सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात ताईंना दोष देणं फार सोपं आहे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. ठाण्याच्या एका बालकल्याण संस्थेत कामाला होते आणि तालुक्याच्या ठिकाणी जाऊन तिथल्या बालगृहातल्या माणसांना दत्तक आणि संगोपनाचे कायदे शिकवायचे, ही माझी नेमणूक होती. साठ सालानंतरचा काळ. दत्तकाचा नवा कायदा येऊन काही वर्षं झाली होती, आईबाप माहीत नसलेल्या मुलाला संस्थेने कसं दत्तक द्यायचं याची सुधारणाही नुकतीच झाली होती. पण कायदा मुंबई-पुण्यात जेवढ्या लवकर पोचतो तेवढ्या लवकर इकडे पोचत नसे. इकडे मूल द्यायचं ते विश्वासावर. माणसं चांगली दिसली, चार ओळखीच्यांनी हमी दिली, की मुलाचं बोचकं बांधायचं.

"दुपारच्या गाडीने येताहेत न्यायला," ताई म्हणाल्या. "बोईसरला असतात. नवरा-बायको, मूलबाळ नाही. फार सज्जन माणसं."

"कोर्टाची परवानगी?"

"कसली परवानगी? ते काही दत्तक घेत नाहीत. नुसती सांभाळणार आहेत."

मी त्यांना समजावून सांगितलं की नुसतं सांभाळायला द्यायचं झालं तरी बालन्यायालयाचा हुकूम लागतो. ज्यांच्याकडे द्यायचं त्यांना कायद्यात 'योग्य व्यक्ती' म्हणतात आणि ती व्यक्ती योग्य आहे की नाही हे न्यायालय ठरवतं. त्यासाठी आधी घरभेट, चौकशी, अहवाल. दिल्यानंतरसुद्धा देखरेख. आज ही मुलगी देता येणार नाही.

माझ्यासमोर ताईंनी ते बोचकं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. मुलगी तशीच बसून राहिली.

दुपारी तो आला. एकटाच. चाळिशीचा, इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांचा नीट भांग. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथल्या एका ठेकेदाराकडे तो मुकादम होता. मुलं 'काका, काका' करत त्याच्याभोवती जमली. दर रविवारी तो यायचा, येताना पेरू नाहीतर खारी आणायचा. ताईंनी अवघडून त्याला सगळं सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. मला वाटलं, आता हा चिडणार. माझी तयारी होती.

तो हसला. "कायदा तो कायदा, बाई. आम्ही थांबू. आज ना उद्या ती आमच्याकडेच यायची आहे."

मग तो ओटीवर तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिला एका नावाने हाक मारली. ते तिचं नाव नव्हतं.

"लाडाचं ठेवलंय त्यांनी," ताई कौतुकाने म्हणाल्या.

मुलीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. फक्त तिची पाठ ताठ झाली. शाळेत तपासनीस आला की मुलं बसतात तशी ती बसली, आणि तो जाईपर्यंत हलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्ग सुरू केला. वर्ग म्हणजे ओटीवर सतरंजी आणि त्यावर तीन माणसं. ताई, मुलांना शिकवणारे तरुण गुरुजी आणि मुलांचं खाणं-न्हाणं बघणारी मावशी. गुरुजी कोल्हापूरकडचे, नोकरीच्या शोधात इकडे आलेले. बांधकामावर काम मिळेना म्हणून बालगृहात लागले आणि मग मुलांत रमले. मावशी एडवणची, कोळ्यांच्या घरातली, विधवा. कायद्याच्या वर्गाला तिने बसावं हे ताईंना पटलं नव्हतं, पण मुलाला हातात घेऊन परक्या माणसाच्या हातात देणारी तीच होती, म्हणून मी हट्ट धरला.

मी त्यांना दत्तक आणि संगोपन यांतला फरक शिकवला. दत्तक गेलेलं मूल त्या घरचं होतं, कायमचं, वारसासकट. संगोपनाला दिलेलं मूल न्यायालयाचंच राहतं, त्या घराकडे ते सोपवलेलं असतं एवढंच, आणि परत मागता येतं. अनाथ कुणाला म्हणायचं, टाकलेलं कुणाला, आई जिवंत असेल तर तिची संमती कशी घ्यायची, मुलाचं स्वतःचं नाव, गाव, आईबाप यांची नोंद कशी करायची. गुरुजी भराभर लिहून घ्यायचे. मावशी ऐकता ऐकता तांदूळ निवडायची.

ताई मात्र मध्येच थांबवायच्या.

"मी इतकी वर्षं मुलं देतेय. माणूस बघितला की कळतं मला."

"पण ताई, दिल्यावर त्यांतल्या किती मुलांना तुम्ही पुन्हा भेटलात?"

"सासरी गेलेल्या मुलीच्या घरी कुणी रोज जातं का? त्या घराला ती आपली वाटली पाहिजे. आपण सारखं डोकावत राहिलो तर कशी वाटेल?"

हे त्या मनापासून म्हणत होत्या. त्यांच्यापुढे मला नेहमी वाटायचं की आपण शिकवतोय ते बरोबर आहे, पण ते रुक्ष आहे. आणि असं वाटत असतानाच रविवार यायचा, फाटक वाजायचं आणि ती मुलगी ओटीवर ताठ बसायची.

एका रविवारी त्याची बायकोही आली. काटक बाई, हिरव्या काचेच्या बांगड्या, डोक्यावरून पदर. ती फाटकाच्या आत आलीच नाही. मुलं तिच्याभोवती गेली तशी ती दोन पावलं मागे सरकली. मूल हवं म्हणणारी बाई मुलांना हात लावत नाही, हे मला खटकलं. मी तिच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलू पाहिले. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"तिला सवय नाही चारचौघांत बोलायची," तो लांबून म्हणाला. एवढ्या लांबून त्याला आमचं बोलणं ऐकू कसं गेलं, कोण जाणे.

वर्गात घरभेटीचा धडा आला तेव्हा मी म्हटलं, आपण ही भेट याच माणसांच्या घरी करू. ताई खूश झाल्या. त्यांना वाटलं, एकदा घर बघितलं की माझं समाधान होईल आणि मुलीचं भलं होईल. त्या स्वतः आल्या नाहीत, मुलांपाशी कुणीतरी हवं म्हणून. मी, गुरुजी आणि मावशी सकाळच्या गाडीने बोईसरला उतरलो.

बोईसर तेव्हा लहान होतं. स्टेशन, थोडी दुकानं, भाताची शेतं. पण तारापूरचं काम निघाल्यापासून त्याचं रूप पालटायला लागलं होतं. सिमेंटचे ट्रक दिवसभर धुरळा उडवत जायचे. दिसेल त्या वाडीत पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांत साताऱ्याची, सोलापूरची, खानदेशची, उत्तरेकडची माणसं भरली होती. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. शेजारी आज असायचा, काम संपलं की दुसऱ्या कामावर जायचा. वाट विचारायला आम्ही एका चहावाल्यापाशी थांबलो, तर तो म्हणाला, "इधर कौन किसका नाम पूछता है, बहनजी."

खोली तारापूरच्या रस्त्याला होती. एका ओळीतली शेवटची, मागे खाडीचं खाजण. दार उघडंच होतं, पाट मांडलेले होते, स्टोव्हवर चहाचं आधण होतं. तो कामावर गेला नव्हता. आमची वाट बघत होता.

इतकं स्वच्छ घर मी कमी पाहिलंय. भांडी घासून उपडी ठेवलेली, जमीन नुकती सारवलेली. मी शिकवल्याप्रमाणे गुरुजींनी प्रश्न विचारले. मुलगी शाळेत जाईल का? जाईल. झोपेल कुठे? आमच्याजवळ. आजारी पडली तर? प्रकल्पाचा दवाखाना आहे. सगळी उत्तरं तोच देत होता आणि प्रत्येक उत्तरानंतर बायको मान हलवत होती. मावशी दाराशी बसून सगळीकडे नजर फिरवत होती.

उठताना गुरुजींचं लक्ष मोरीकडे गेलं. मोरीच्या कट्ट्यावर एक पितळेची कळशी होती, अगदी लहान, भातुकलीपेक्षा थोडी मोठी. जागोजागी पोचे पडलेली. शेजारी चिंध्यांची एवढीशी चुंबळ, डोक्यावर ठेवून ठेवून चपटी झालेली.

"ही कुणाची हो?" गुरुजींनी सहज विचारलं.

"भाचीची," तो म्हणाला. "सुट्टीत आली होती."

आणि त्याच क्षणी बायको म्हणाली, "शेजारणीची आहे."

मग तो हसला. "भाची शेजारणीची कळशी घेऊन जायची पाण्याला. इकडेच राहिली बघा."

आम्ही तिघं चालत स्टेशनवर आलो. गाडी यायची होती. गुरुजी म्हणाले, "बाई, अहवालात काय लिहू?"

"काय वाटतं तुम्हाला?"

"घर चांगलं आहे." थोडं थांबून म्हणाले, "फार चांगलं आहे."

मावशी ट्रकांच्या धुरळ्याकडे बघत होती. "ती बाई भ्यालेली हाय," ती म्हणाली. "नवऱ्याला भिते तशी नाय. आमी येऊन गेलो त्याला भ्याली ती."

परत आल्यावर मी ताईंना कळशीबद्दल सांगितलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्या म्हणाल्या, "चहा नीट मिळाला ना? मी परवाच निरोप पाठवला होता त्यांना, पाहुणे येताहेत म्हणून. असं अचानक जाऊन कुणाच्या दारात उभं राहणं बरं नव्हे."

त्यात शिष्टाचारापलीकडे काही नव्हतं, आणि आमच्या नियमांतही आगाऊ कळवू नये असं तेव्हा कुठे म्हटलेलं नव्हतं. पण रात्रभर मला त्या सारवलेल्या जमिनीचा ओला वास येत राहिला. घरभेटीच्या आदल्या दिवशी कुणीही सारवेल. मी स्वतःची समजूत घालत होते.

शिकवण्यात एक गोष्ट राहिली होती, आणि ती करायला मला निमित्त हवंच होतं. नवरा आणि बायको, दोघांशी वेगवेगळं बोलायचं, असा आमचा दंडक होता. पुढच्या आठवड्यात मी कुणालाही न सांगता मावशीला बरोबर घेऊन पुन्हा बोईसरला गेले. कामाचा दिवस होता. तो साइटवर असणार.

दाराला बाहेरून कुलूप होतं. भलंमोठं, पितळी. मी परत फिरणार, तेवढ्यात मावशीने माझा हात धरला आणि खिडकीकडे मान केली. गजांच्या आत, अंधारात, बांगड्या वाजल्या होत्या.

ती आत होती.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"मी, पालघरची. घाबरू नका. तुम्हाला कोंडलंय का?"

ती खिडकीजवळ आली. उजेडात तिचा चेहरा पाहून मी हबकले. गालावर जुना, पिवळा पडत चाललेला वळ होता. तिने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग शेजारच्या खोलीकडे.

"मुलगी देऊ नका," ती म्हणाली.

"काय?"

"ती मुकी मुलगी. त्यांना देऊ नका. मी बोलले असं सांगू नका, पण देऊ नका."

"ती कळशी कुणाची होती?" मी विचारलं.

ती रडायला लागली. आवाज न करता रडायची सवय असलेलं ते रडणं होतं. मग तुटक तुटक तिने सांगितलं. दोन मुली होत्या. एक आधीची, एक नंतरची. मजुरांच्या भटारखान्यात तो त्यांना पाणी भरायला, भांडी घासायला धाडायचा. पहिली एके दिवशी दिसेनाशी झाली. तिला गावी सोडली, असं तो म्हणाला. कुठल्या गावी, हे हिला माहीत नव्हतं. मग त्याने दुसरी आणली.

"आणि दुसरी कुठाय?" मावशीने विचारलं.

"इथंच होती. तुम्ही येणार असा निरोप आला ना, त्या दिवशी तिला घेऊन गेले गाडीने. गुजरातकडे. परत आले ते एकटेच. मला सारवून घ्यायला लावलं."

मावशीने दगड उचलला. कुलूप फोडायला ती पुढे झाली, तशी आतली बाई गज धरून विनवायला लागली. नका, त्यांना कळेल, शेजारी बघताहेत, जा तुम्ही. शेजारच्या दारात खरंच एक माणूस येऊन उभा होता. तो आमच्याकडे बघत होता आणि विडी ओढत होता.

आम्ही तडक पोलीस चौकीत गेलो. हवालदार म्हातारा होता, वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "हरवलेल्या मुलीचं नाव?"

मला सांगता येईना. बायकोने त्या दोघींबद्दल सांगताना एकच नाव घेतलं होतं. तेच नाव, जे तो आमच्या ओटीवर त्या मुक्या मुलीला लावत होता. तिघींना एकच नाव.

"आईबाप?"

"माहीत नाही."

"तक्रार कुणाची?"

"माझी."

"तुम्ही तिच्या कोण?"

आयुष्यात इतका साधा प्रश्न मला इतका जड कधी गेला नाही. कोणत्याही बालगृहाने, कोणत्याही न्यायालयाने त्या मुली त्याला दिल्याचा कागद नव्हता. कुणीतरी कुठेतरी चांगला माणूस बघून त्यांची बोचकी बांधली होती. त्या आहेत हेच सरकारदरबारी कुणाला ठाऊक नव्हतं, मग त्या नाहीत हे कोण सांगणार?

मग मी बायकोला कोंडल्याचं पुढे केलं. तेवढ्यावर हवालदार उठला. आम्ही परत गेलो तोवर दुपार कलली होती. कुलूप तसंच होतं, विडीवाला मात्र दारात नव्हता. हवालदाराने कुलूप तोडलं. ती बाई खाली बसली होती, उठून बाहेर येईना. मावशीने आत जाऊन तिला धरून आणलं. तिथून साइटवर गेलो तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, तो जेवणाच्या सुट्टीत गेला तो आलाच नाही.

तो पुन्हा कधीच आला नाही. त्याने सांगितलेल्या गावात त्याला कुणी ओळखत नव्हतं.

बायकोला आम्ही पालघरला आणलं. ताईंनी तिला आपल्या खोलीत झोपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर आम्ही सगळे बसलो आणि तिने पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी सविस्तर. ताई खांबाला टेकून ऐकत होत्या. निरोपाची गोष्ट आली तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"पण एवढी मुलं असताना ह्या मुक्या पोरीच्याच मागे का लागला होता तो?" गुरुजींनी विचारलं.

बाईने मुलीकडे पाहिलं. मुलगी अंगणात होती, लहान पोरांना पाणी पाजत होती.

"दुसरी मुलगी बोलायची," ती म्हणाली. "भटारखान्यातल्या कुणाला तरी तिने सांगितलं होतं, मला मारतात म्हणून. ते म्हणायचे, आता न बोलणारीच आणायची."

ताई उठून आत गेल्या. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतरचे महिने शोधात गेले. आम्ही रेल्वे पोलिसांना गाठलं, सुरतेपर्यंतच्या स्टेशनांवर चौकशी केली, ओळखीच्या सगळ्या बालगृहांना विचारलं. गुरुजी त्या बाईला बरोबर घेऊन कित्येकदा त्या बाजूला गेले, कारण मुलीला ओळखणारी तीच एक होती. आणि दुसरी मुलगी सापडली. गुजरातेत एका धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात राख घेऊन ती भांडी घासत बसली होती. बाईला पाहून ती आधी पळाली. गुरुजींनी तिला कसं समजावलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण ते तिला घेऊन आले.

फाटकातून आत येताच तिने आपलं नाव सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. मोठ्याने सांगितलं, बापाच्या नावासकट, आणि मग पुन्हा एकदा सांगितलं. मावशीने तिचे तळवे हातात घेतले आणि मला दाखवले. सोडा आणि राखेने त्यांवर रेषा उरल्या नव्हत्या.

पहिलीचा पत्ता लागला नाही. तिला जिथून आणलं होतं ते घाटावरचं एक आश्रयस्थान होतं, एवढंच बाईला ऐकून माहीत होतं. असल्या सगळ्या जागी आम्ही विचारलं. एका ठिकाणच्या व्यवस्थापकांनी सांगितलं, आमच्याकडून अशा बऱ्याच मुली चांगल्या घरी गेल्या आहेत. कोणकोणत्या घरी, हे त्यांना आठवत नव्हतं. मुलीचं खरं नाव काय, हेही कुणाला सांगता येईना. आम्ही शोधत होतो ती कुठल्या नावाला ओ देते, हेच आम्हाला माहीत नव्हतं. पुढे ती बाई साताऱ्याकडे आपल्या भावाकडे गेली. जाताना तिने मावशीला सांगितलं, पहिली फार लहान होती, कळशी भरली की तिला उचलवायची नाही.

ताई बदलल्या असं म्हणता येणार नाही. जरब तीच, हट्ट तोच. पण एकदा मी वर्ग संपवून उठत होते तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि 'योग्य व्यक्ती'ची कलमं पुन्हा पहिल्यापासून समजावून द्यायला सांगितली. मी सांगत गेले, त्या ऐकत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "मी दिलेल्या मुलांच्या घरी जाऊन यायचंय मला. सगळ्यांच्या. न कळवता." आणि त्या गेल्या. वाड्याला गेल्या, डहाणूला गेल्या, पार नाशिककडे गेल्या. बहुतेक मुलं सुखात होती. काहींचं काय पाहिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांतली दोन मुलं मात्र त्यांच्याबरोबर परत आली.

मुक्या मुलीसाठी मावशीने आपली बहीण सुचवली. एडवणला समुद्रालगत घर, नवऱ्याची होडी, मोठी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. मावशीची बहीण म्हणून मी चौकशीत काही सूट दिली नाही. गुरुजी आणि मी न कळवता जाऊन आलो, शेजाऱ्यांना विचारलं, नवऱ्याशी वेगळं बोललो, तिच्याशी वेगळं. मग ठाण्याच्या न्यायालयात अर्ज केला, हुकूम झाला, आणि त्या दोघांकडे मुलगी सोपवली गेली. योग्य व्यक्ती म्हणून.

देखरेखीसाठी मी अधूनमधून एडवणला जायचे. एस.टी. गावाबाहेर सोडायची, तिथून वाळूच्या वाटेने चालत जायचं. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत असायचे आणि वारा त्यांचा वास दूरवर न्यायचा. मुलगी त्यांच्या राखणीला काठी घेऊन बसलेली असायची. तिचं अंग भरत चाललं होतं. पुढच्या एका खेपेला मला कळलं की ती बोलायला लागली आहे, पण घरातल्यांशीच, आणि हळू आवाजात. माझ्याशी ती बोलली नाही. मला पाहिलं की तिची पाठ ताठ व्हायची, हे मी पाहिलं होतं. ती मलाही त्याच माणसांत धरत होती, जी फाटकातून येतात आणि मुलांचं काय करायचं ते ठरवतात. त्यात ती चुकत होती, असं मला म्हणवत नाही.

वर्ष-दीड वर्षाने बहिणीने मला बसायला पाट दिला आणि सरळ विचारलं, "बाई, हिला आमी दत्तक घेतो. कोर्टाचा तो कागद नको आता. आमची म्हणून राहू दे."

मला जे सांगायचं होतं ते मी वर्गात कितीतरी वेळा शिकवलं होतं. स्वतःची मुलगी हयात असेल तर दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही, असं तेव्हाच्या कायद्यात होतं.

"तुम्हाला मुलगी आहे ना," मी म्हटलं.

"ती गेली सासरी."

"तरी आहे ना. कायद्याने नाही घेता येत."

तिला ते समजेना, आणि समजावून सांगताना मलाही ते धड पटेना. "म्हंजे ही आमच्याकडं ऱ्हाते, पण आमची नाय?"

"न्यायालयाने तुमच्याकडे सोपवली आहे. मोठी होईपर्यंत ती इथेच राहील. कुणी उगाच नेणार नाही."

"उगाच नाय म्हंजे?"

मी काही तरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. आम्ही बोलत होतो तेवढ्यात मुलगी काठी टाकून दाराशी येऊन उभी राहिली होती. ती सगळं ऐकत होती, आणि पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलली. आवाज घोगरा होता, न वापरलेला.

"मग मला न्यायला कोन येनार?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "कुणीसुद्धा येणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या वाळूच्या वाटेकडे. वाटेवर कुणी नव्हतं. ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मग बाहेर जाऊन तिने काठी उचलली आणि वलांडीपाशी अशा जागी जाऊन बसली, जिथून ती वाट शेवटपर्यंत दिसत होती.